उशीच्या अभ्र्यातल्या गोळ्या

प्रश्न : नातू 15 वर्षांचा. जन्मापासून एचआयव्ही आहे. मुलगा-सून दोघंही गेली. रोजची गोळी ‘रक्तवाढीची’ म्हणून मीच देत आले. त्यानं डबीवरचं नाव मोबाइलवर शोधलं. आता बोलत नाही, जेवायला ताट घेऊन आत जातो. परवा उशीच्या अभ्र्यात 11 गोळ्या सापडल्या. काय करू?
– एक आजी, सांगली जिल्हा

उत्तर : आजी, आधी त्याची माफी मागा. ‘घाबरले होते रे, म्हणून खोटं बोलले’ एवढंच. आईला दोष देणारं काही नको. ती त्याच्याकडे फोटोतच उरलीय.

गोळ्यांचं मात्र लांबवू नका. खंड पडला की विषाणू वाढतो, औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. याच आठवड्यात एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरची औषधं मिळतात तिथं) न्या, खंड पडल्याचं सांगा. समुपदेशकाशी त्याला एकट्याला बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. (अवघड जाईल, ठाऊक आहे.) ‘माझं लग्न होईल का?’ हे तो तुम्हाला विचारणार नाही. नियमित औषधानं विषाणू तपासणीत न सापडण्याइतका दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे त्याला डॉक्टरांच्या तोंडून कळू दे.

शाळेला सांगायची सक्ती नाही. 2017चा एचआयव्ही-एड्स कायदा त्याच्या बाजूनं आहे. अडलं तर 1097 हा एचआयव्ही मदतीचा मोफत फोन क्रमांक आहे.

आणि ताट? आज तुमचंही घेऊन त्याच्या खोलीत जा.