वाचकांचे प्रश्न: निळ्या रेघांचा, उलटा लटकणारा मासा

प्रश्न: डायव्हिंगचे दोन व्हिडिओ बघितले, एक हवाईचा आणि एक कॅरिबियनचा. दोन्हीत एक लांबट, अगदी चपटा मासा दिसला, अंगावर निळ्या वेड्यावाकड्या रेघा आणि डोकं खाली करून निवांत लटकलेला. पण एकात तो राखाडी होता आणि दुसऱ्यात पिवळट तपकिरी. मग हा एकच मासा की दोन वेगळे? आणि एकच असेल तर इतक्या लांबच्या दोन समुद्रांत कसा काय?

उत्तर: वर्णनावरून हा स्क्रॉल्ड फाईलफिशच आहे, शास्त्रीय नाव अल्युटेरस स्क्रिप्टस, आणि दोन्हीकडे तोच असणार. रंगावर जाऊच नका. हा मासा आजूबाजूचं बघून बघता बघता फिका होतो, गडद होतो, अंगावर मोठे डाग उमटवतो आणि घालवतोही, त्यामुळे एकाच माशाचे दोन फोटो शेजारी ठेवले तरी ते दोन वेगळे मासे वाटू शकतात. निळ्या रेघा आणि ठिपके, त्यात पेरलेले बारीक काळे ठिपके, हे डिझाईन मात्र जवळून बघितलं की बहुतेक वेळा सापडतंच.

माझ्या मते खरी ओळख आकारावरून. समोरून बघितलं तर जेमतेम एक पट्टी दिसते इतका चपटा, पुढे निघालेलं लांब थोबाड आणि त्याच्या टोकाला इवलंसं तोंड, मागे लांबलचक, टोकाला गोलसर शेपटी. डोळ्याच्या बरोब्बर वर एक बारीक काटा असतो जो तो उभा करतो किंवा पाठीवर आडवा पाडतो. पोटाखालचे पर नाहीतच. कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत. याचा जवळचा भाऊबंद अल्युटेरस मोनोसेरॉस, तोही जगभर उष्ण समुद्रांत असतो आणि त्याच्याशी गल्लत होते, पण त्याची शेपटी आखूड आणि अंग बरंचसं साधं राखाडी, निळ्या रेघांचा पसारा नाही. लांबीला स्क्रॉल्ड फाईलफिश जास्तीत जास्त 110 सेंटीमीटरपर्यंत भरतो, आणि फाईलफिशच्या पूर्ण कुटुंबात एवढे मोठे होणारे फार कमी. साधारणपणे जे दिसतात ते याच्या निम्म्याच्या आसपास.

उलटं लटकण्याचं कारण लपणं. समुद्री गवत किंवा फांद्यांच्या प्रवाळाजवळ डोकं खाली करून तो पाण्याबरोबर हलकेच डुलत राहतो, आणि पाठीवरचा आणि खालचा लांब पर लाटेसारखा हलवतच पोहत असल्यामुळे (हो, शेपटीचा जोर शक्यतो लावतच नाही) शरीर जवळजवळ स्थिर राहतं. वेग हा त्याचा प्रांतच नाही, म्हणून मग ही सगळी नाटकं.

आता दोन समुद्रांचं. हा मासा अटलांटिक, पॅसिफिक आणि हिंदी महासागर, तिन्हींच्या उष्ण पट्ट्यात आहे. अटलांटिकच्या पश्चिम बाजूला मेक्सिकोचं आखात, बर्म्युडा, खाली ब्राझीलपर्यंत, आणि वर थेट कॅनडाच्या नोव्हा स्कोशियापर्यंत नोंदी आहेत. पॅसिफिकमध्ये जपान, हवाई आणि पलीकडे कॅलिफोर्नियाच्या आखातापासून कोलंबियापर्यंत. मोठे मासे रीफवर (प्रवाळांच्या रांगांत) आणि लगूनमध्ये (रीफच्या आतल्या उथळ पाण्यात) रमतात, पण पिल्लं उघड्या समुद्रात तरंगणाऱ्या सरगॅसम शेवाळाच्या आणि वाहून जाणाऱ्या लाकडाफिकडाच्या आडोशाला राहतात, आणि ते जिकडे वाहील तिकडे तीही जातात. एवढ्या पसाऱ्यामागे या वाहण्याचा मोठा हात असणार, कारण मोठेपणी हा काही महासागर पार करणारा पोहणारा नाही.

प्रश्न: हा मासा खातात का? आणि टँकमध्ये ठेवता येतो का?

उत्तर: खाण्याच्या भानगडीत पडू नका. तो शेवाळ, समुद्री गवत, शिवाय हायड्रॉइड, फायर कोरल आणि ॲनिमोन हे डंख मारणारे समुद्री जीव, समुद्रपंखे (पंख्यासारखं पसरणारं प्रवाळ) असं बाकीचे मासे टाळतात तेही खातो, आणि याच्या आतड्यात पॅलिटॉक्सिन हे जबरदस्त विष सापडलेलं आहे. ते शिजवून जात नाही. सिग्वाटेरा या, मासे खाल्ल्याने होणाऱ्या विषबाधेचीही भीती आहेच.

टँकचं म्हणाल तर घरच्या टँकला हा झेपणारा नाही. मीटरभर होणारा प्राणी, आणि रीफ टँक (प्रवाळ वाढवलेला टँक) असेल तर तुमचे समुद्रपंखे आणि ॲनिमोन त्याला जेवण वाटणार.