म्युनिकमध्ये सेकंडहँड गाडी घ्यावी का?

प्रश्न : आम्ही दोघं १४ महिन्यांपासून म्युनिकमध्ये आहोत. नवऱ्याचा पगार हातात ३,६०० युरो येतो, मी जर्मन शिकतेय. घरभाडं १,४५०, वाणसामान ४५०, बाहेरचं खाणं २८०, रेल्वेचे दोन पास १२६ आणि बाकीचा खर्च धरून महिन्याला ७०० उरतात. बँकेत ६,००० आहेत. ८,५०० ची जुनी गाडी पाहिली आहे. २,००० आमचे, बाकी कर्ज, ४८ महिने १६० चा हप्ता. पासाचे पैसे वाचतील आणि शनिवार-रविवार मनसोक्त फिरता येईल. घ्यावी का?

उत्तर : नमस्कार. या वर्षी घेऊ नका. फिरणं मात्र अजिबात कमी करू नका, हे आधीच सांगते.

तुमच्या पत्रात लायसन्सचा उल्लेखच नाही, आणि माझी काळजी तिथूनच सुरू झाली. भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला गेल्यापासून सहाच महिने चालतं. तुम्हाला १४ झाले. म्हणजे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागणार. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते, पण गाडी चालवताना परीक्षकाच्या सूचना जर्मनमधूनच येतात. क्लास आणि फीसाठी हजार-दीड हजार युरो धरून ठेवा. लायसन्स नसताना गाडी घेतली तर ती नुसती दारात उभी राहील, हप्ता मात्र दर महिन्याला जाईल.

आता हिशेब. नवरा ऑफिसला रेल्वेनेच जाणार ना? मग त्याचा ६३ युरोंचा डॉइचलांड-तिकीट (जर्मनीभर लोकल आणि रिजनल रेल्वेला चालणारा महिन्याचा पास) चालूच राहणार. वाचतील ते फक्त तुमचे ६३. उलट १६० च्या हप्त्यावर विमा (नव्या चालकाला तो महागच पडतो), रोड टॅक्स, पेट्रोल, पार्किंग, हिवाळी टायर, दुरुस्ती. हप्ता सोडून हे सगळं मिळून महिन्याला २०० च्या खाली मला तरी दिसत नाही. म्हणजे हप्ता धरून आणि वाचलेले ६३ वजा करून उरणाऱ्या ७०० पैकी जवळपास ३०० गेले.

शिवाय तुमचा महिन्याचा खर्च २,९०० आहे आणि घरात पगार एकच. परदेशात नोकरी गेली तर घरभाड्यासोबत व्हिसाचाही घोर लागतो. निदान तीन महिन्यांचे, म्हणजे ८,७०० युरो हाताशी हवेतच. सध्या २,७०० कमी आहेत. चार महिन्यांत ते जमतील, पण गाडी घेतली तर आहेत त्यातलेही २,००० जातील.

आता फिरण्याचं. याच पासावर रिजनल रेल्वेने फ्युसेन होतं, तिथून नॉयश्वानश्टाइनचा किल्ला बघा. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असूनही तिथल्या मुख्य स्टेशनपर्यंत पास चालतो. बर्ख्टेसगाडेनपर्यंत रेल्वे आणि पुढे बस केली की क्योनिग्सझे तलाव. तिथल्या विजेवरच्या बोटीत नावाडी मध्येच बोट थांबवून कड्याकडे तोंड करून ट्रम्पेट वाजवतो आणि सूर डोंगरावरून परत येतो. मी तो ऐकलाय, तुम्हीही नक्की ऐका. पास आयसीईला, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान रेल्वेला, चालत नाही, तेवढं लक्षात ठेवा. लांबच्या प्रवासाची स्वस्त तिकिटं आधीच काढा.

बाहेरच्या खाण्याचे २८० मात्र बघा. त्यातले बरेचसे स्टेशनवरच जातात, असा माझा अनुभव आहे. डबा न्या. पोळ्या तुटत असतील तर पीठ बदला : तिथल्या पाकिटावरचं ४०५ नंबरचं पीठ म्हणजे जवळपास मैदाच, १०५० चं घ्या, कोमट पाण्यात मळून अर्धा तास झाकून ठेवा. श्रीखंडासाठी चक्का शोधत बसू नका, क्वार्क (तिथलं दह्यासारखं मऊ, ताजं चीज) दोन तास फडक्यात टांगून ठेवलं की झालं. स्वयंपाक दोघांनी करायचा. तुमचा जर्मनचा अभ्यास ओट्याशी अडकला तर दुसरा पगार लांबेल, आणि घराला खरा आधार त्याचाच होणार आहे.

तेव्हा आधी चार महिने शिल्लक, मग लायसन्सची फी. लायसन्स हातात आल्यावर इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांसाठी दोन-तीन दिवस गाडी भाड्याने घ्या. असं वर्षभर करून बघा आणि तेव्हाही दर महिन्याला गाडी लागतेय असं वाटलं तर मला पुन्हा लिहा, नव्याने आकडे मांडू.

आणि डिसेंबरभर घरी येणार असाल तर दोन्ही पास १० नोव्हेंबरच्या आत रद्द करा. १२६ युरो वाचतील.