इस्त्री हातात घेण्याआधी बुटाच्या आतलं लेबल बघा

तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही. पर्वरीच्या हॉटेलात नवी नोकरी, ड्युटीवर काळे बंद बूट सक्तीचे, दोनच महिन्यांत चवड्यावर आडव्या घड्या पडल्या आणि सुपरवायझर त्यावरून बोलला. आता एक मित्र म्हणतो ओला रुमाल ठेवून इस्त्री फिरव, दुसरा म्हणतो बूट नव्यासारखे करून देणारं दुकान आहे, तिथे टाक. मी पणजीतल्या हॉटेलात बरीच वर्षं फ्रंट ऑफिसला, म्हणजे रिसेप्शन डेस्कवर होते. यातलं सगळं माझ्या वाट्याला आलेलं आहे आणि दुकानाचा भाग सगळ्यात महाग पडला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुसणं, लेस काढणं, पॉलिश हे तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही. एक मात्र आधी मनाशी मान्य करा. चालताना पाऊल बोटांच्या मुळाशी वाकतं, तिथलं चामडं दाबलं जातं, त्यामुळे घडी पडणारच. बारीक, उथळ घड्या हा दोष नव्हे. घडी खोल आणि धारदार झाली, तिच्या तळाशी फिकट रेघ दिसू लागली, तर काळजी करायची, कारण तिथे वरचा थर तुटायला लागलेला असतो. घडी कमी करता येते. तडा मात्र परत जुळत नाही, रंग लावून झाकता येतो इतकंच. घड्या शंभर टक्के जातील असं जो सांगेल त्याच्याकडे बूट देऊ नका.

आता मुख्य मुद्दा. तुमचे बूट नक्की कशाचे आहेत? पोस्टमध्ये तुम्ही 'लेदरचे' एवढंच लिहिलंय. विकणारेही तेवढंच सांगतात. काळ्या चकचकीत फॉर्मल बुटांत साधारण तीन जाती असतात. एक, अस्सल चामडं, वर रंगाचा पातळ हात. दुसरी, कातड्याचा खालचा कमी प्रतीचा थर घेऊन त्यावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचा, जाड लेप दिलेली. तिसरी, कापडावर पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसी चढवलेलं, म्हणजे आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते. दुकानाच्या काचेमागे तिन्ही सारखेच दिसतात. उष्णता लागली की तिघांचं वागणं पूर्ण वेगळं.

बऱ्याच बुटांच्या जिभेखाली किंवा आत टाचेजवळ छोट्या चित्रांचं लेबल असतं. त्यात पसरलेल्या कातड्याचं चित्र असेल तर चामडं. त्याच कातड्याच्या मधोमध शंकरपाळ्यासारखा चौकोन असेल तर लेप दिलेलं चामडं. नुसता चौकोन असेल तर तिसरंच काहीतरी, बहुतेक वेळा रेक्झिन. विणीची जाळी म्हणजे कापड. या खुणा युरोपच्या १९९४ च्या नियमातून आल्या. त्या नियमाप्रमाणे लेप ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड असला तर त्याला साधं चामडं म्हणता येत नाही. लेबलवर वरचा भाग, अस्तर आणि सोल अशा तीन ओळी असतात. कातड्याचं चित्र तीनपैकी कुठल्या ओळीत आहे ते बघा. नुसतं अस्तर चामड्याचं असलं तरी खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'लेदर' छापलेलं मी पाहिलंय. लेबल नसेल तर लेसच्या भोकांपाशी किंवा जिभेच्या कडेला कापलेला भाग भिंगातून बघा. तंतू-तंतू दिसले तर चामडं, कापडाचे धागे दिसले तर रेक्झिन. तंतू असतील पण वर प्लॅस्टिकसारखा वेगळा पापुद्रा असेल, तर लेपवालं.

माझे बूट लेपवाले होते. मला ते माहीत होतं आणि काउंटरवर मी ते स्पष्ट सांगितलंही होतं. दुकानाचं नाव घेणार नाही. बाहेर 'घड्या काढून मिळतील' अशी पाटी, आत चकाचक. आत बसलेल्याने ऐकून घेतलं, टोकन फाडलं आणि संध्याकाळी या म्हणाला. घ्यायला गेले तेव्हा हॉट एअर गनने दहा मिनिटांत काम झाल्याचं त्यानेच कौतुकाने सांगितलं. बूट दिसत होते अप्रतिम. एकही घडी नाही, आरशासारखी चमक. पैसे दिले आणि आनंदाने घरी आले.

काही ड्युट्यांतच जिथे घडी होती तिथला लेप पापुद्रा होऊन सुटू लागला. मग पुढच्या टोकाशी सोल उघडला. कारण अगदी साधं आहे, पण ते मला नंतर एका जुन्या मोच्याकडून कळलं. गरम हवेने पॉलियुरेथेन मऊ होतं, ताणून सपाट बसवता येतं, पण ताणलेल्या जागी ते पातळ होतं आणि थोडं वाकताच फाटू लागतं. दुसरं असं की, या बुटांचे सोल शिवलेले नसतात, चिकटवलेले असतात. कारखान्यात तो गोंद गरम करूनच बसवतात, म्हणून पुन्हा जास्त ताप लागला की तोच ढिला पडतो. घडी आणि सोलची कड यांत दोन बोटांचंही अंतर नसतं. गन एकीवर धरली की दुसरीला झळ लागतेच.

बूट घेऊन परत गेले तर उत्तर मिळालं, 'तडे आधीच होते, मॅडम.' पुढच्या खेपेला मालक गावाला. मग फोन उचलणं बंद. शेवटी पावतीची मागची बाजू दाखवली, तिथे बारीक अक्षरांत छापलेलं: नुकसानीची जबाबदारी आमची नाही. त्या महिन्यात पगाराआधी उसने घेऊन नवे बूट घ्यावे लागले, कारण फाटक्या बुटांनी डेस्कवर उभं राहू देत नव्हते. पैशांपेक्षा जास्त लागलं ते बोलणं. समोरच्याने डोळ्यांत बघून 'आधीच होते' म्हणायचं आणि आपल्याकडे दाखवायला काही नसायचं, हे मला आजही सहन होत नाही. चांगलं काम करणारे कारागीर गोव्यात आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माल कसला आहे हे न बघता यंत्र चालवणाऱ्यांबद्दल आहे.

म्हणून कुठेही बूट द्याल तेव्हा काउंटरवरच, त्यांच्या समोर, दोन्ही बुटांचे जवळून फोटो काढा. पावतीवर 'तडे नाहीत, सोल पक्का' असं लिहून घ्या. उष्णता वापरणार का, हा प्रश्न तोंडावर विचारा आणि उत्तर मिळालं नाही तर बूट उचलून चालू लागा. मी वकील नाही, पण एवढं कळलंय की पावतीवर काहीही छापलं म्हणून सेवेतल्या त्रुटीची जबाबदारी आपोआप संपत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. बुटांसाठी कोण एवढं करतं, असं मलाही त्या वेळी ऐकवलं गेलं. नुसता हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्याचा मेसेज दाखवला तरी पुष्कळ काउंटरांची भाषा बदलते, हे नंतर इतरांच्या बाबतीत पाहिलंय.

आता घरचा उपाय. हा फक्त अस्सल चामड्यासाठी. बुटाच्या नाकापर्यंत कागद ठासून भरा, इतका की वरून दाबलं तर आत जाता कामा नये. आतून आधार नसेल तर इस्त्री दुसरीच घडी पाडते. सुती कापड ओलं करून घट्ट पिळा, दुहेरी करून घडीवर ठेवा. इस्त्रीची वाफ बंद, तापमान एका ठिपक्यावर, म्हणजे साधारण ११० अंश. तीन ठिपके म्हणजे २०० च्या आसपास, तिकडे जाऊच नका. पाच-सात सेकंद फिरवायची, उचलायची, कापड काढून बघायचं, पुन्हा. एका जागी थांबवायची नाही आणि सोलच्या कडेपासून दूर ठेवायची. घडी थोडी उठली की थांबा. पूर्ण घालवण्याच्या हट्टात चामडं जातं. कागद तसाच ठेवून रात्रभर पंख्याखाली राहू द्या. दुसऱ्या दिवशी लेदर कंडिशनर, म्हणजे चामडं मऊ ठेवणारं क्रीम, बोटाने अगदी पातळ चोळा, तो मुरला की पॉलिश.

चिंब ओल्या बुटावर इस्त्री कधीही नाही. ओलं चामडं तापलं की आतले तंतू आकसतात आणि ते आकसणं कायमचं असतं. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कोल्हापुरीसारख्या चामड्याला तर ते आणखी कमी तापमानाला होतं, त्यामुळे कोल्हापुरीला इस्त्री लावूच नये.

बूट लेपवाले किंवा रेक्झिनचे निघाले तर इस्त्री विसरा. कागद ठासून भरा, हेअर ड्रायर कमी उष्णतेवर ठेवून वीतभर अंतरावरून थोडा वेळ फिरवा, हाताने हलकेच चोळा आणि थंड होईपर्यंत कागद काढू नका. फरक थोडाच पडेल. पेटंट लेदरला, म्हणजे काचेसारखी चमक असलेल्या चामड्याला, हेही करू नका. स्वेडला, म्हणजे मखमलीसारख्या लवदार चामड्याला, लांबून वाफ आणि मऊ ब्रश.

खरं सांगायचं तर घडी काढण्यापेक्षा ती खोल होऊ न देणं हातातलं आहे. बूट पायापेक्षा मोठा असेल तर पुढची रिकामी जागा दुमडते आणि तिथेच सर्वांत वाईट घडी पडते. 'पाय सुजतात म्हणून एक नंबर मोठा घ्या' हा सल्ला नवीन मुलांना सर्रास मिळतो, मला तो पटत नाही. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात, तेव्हा जाऊन मापाचाच घ्या. जमेल तेव्हा दुसरी जोडी करा आणि आलटून पालटून घाला. दिवसभराचा घाम एका रात्रीत, त्यात आपल्या हवेत, सुकत नाही आणि ओलसर चामडं जास्त खोल दुमडतं. देवदाराच्या लाकडाचे शू ट्री, म्हणजे बुटाचा आकार टिकवायला आत घालायचे ठोकळे, चांगले, ते ओल ओढतात. नसतील तर वर्तमानपत्र चालतं. पांढऱ्या बुटांत मात्र कोरा कागदच, शाई अस्तराला लागते.

देवळाबाहेर लेस न सोडता टाचेने टाच दाबून बूट काढायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. मागची बाजू त्यानेच मोडते. ज्या दिवशी मंगेशीला किंवा म्हार्दोळला जायचं असेल त्या दिवशी चपला घाला. लॉकरमध्ये एक शूहॉर्न, म्हणजे टाच आत सरकवायची पट्टी, ठेवा, स्वस्त असतो.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जून ते सप्टेंबर ड्युटीचे बूट घालून घरून निघूच नका. फेरीबोटीवर, कदंबच्या बसमध्ये, तांबड्या चिखलात फ्लोटर्स किंवा रबरी सँडल घाला, बूट पिशवीत, हॉटेलात बदला. भिजलेच तर कागद भरून सावलीत, कागद ओला झाला की बदलायचा. फ्रिजमागे किंवा चुलीवर वाळवलेले बूट कडक होतात आणि घडीवरच तडकतात. चवथीला किंवा लग्नाला घालू म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले रेक्झिनचे बूट न घालताच सोलतात, कारण पॉलियुरेथेन दमट हवेने आपोआप विघटित होतं. पिशवी नको, हवा लागू द्या, सिलिका जेलच्या पुड्या टाका. बुरशी आली तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापडाने पुसा. आधी एका कोपऱ्यात लावून बघा, काही रंग उतरतात.

खोबरेल तेलाबद्दल घरची मोठी माणसं रागावतील, तरी लिहिते: बुटाला लावू नका. काळा रंग डागाळतो, धूळ धरतो, वर पॉलिश बसत नाही आणि पावसात बुरशीचं फावतं. घडी पडू नये म्हणून बुटाच्या पुढच्या भागात आत घालायचे क्रीज गार्ड मिळतात. एअर फोर्स वनसारखे पांढरे स्नीकर्स थोडा वेळ घालणाऱ्यांना ते ठीक. नऊ-नऊ तास उभं राहणाऱ्याच्या बोटांवर ते रुततात आणि आत घाम वाढवतात. माझं मत ड्युटीपुरतं आहे, इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

तुम्ही आता दोन फोटो टाका, एक आतल्या लेबलचा, एक घडीचा उजेडात अगदी जवळून. तळाशी फिकट रेघ आहे का ते त्यात दिसलं पाहिजे. तोवर इस्त्री नाही आणि दुकानही नाही. आज ड्युटीवरून आल्या आल्या, पायाची ऊब बुटात आहे तोवरच, कागद ठासून भरून ठेवा. त्या वेळी चामडं सर्वांत नरम असतं.