ठेकेदाराने तीन महिन्यांचा पगार थकवला आणि कंपनी हात वर करते. पैसे कोणाकडे मागावेत?

थकलेला पगार थेट कंपनीकडेच मागा, कारण ठेकेदाराने वेतन न दिल्यास ते चुकते करून त्याच्या बिलातून वसूल करण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर, म्हणजे ठेकेदाराला काम देणाऱ्या कंपनीवर, टाकलेली आहे. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम 21(4) मध्ये ही तरतूद होती आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा घेणाऱ्या नव्या कामगार संहितांमध्येही ती टिकून आहे. ‘तो आमचा माणूस नाही’ हे ठरलेले उत्तर त्यामुळे पगाराच्या बाबतीत चालत नाही. कंपनीला लेखी अर्ज देऊन पोचप्रतीवर शिक्का घ्यावा आणि दाद न मिळाल्यास सहायक कामगार आयुक्तांकडे तक्रार करावी. ठेकेदार हजेरीची वही सहसा स्वतःच्याच बॅगेत ठेवतो, म्हणून पुढील पुरावे आधीच जमवावेत:

- गेटपासची दोन्ही बाजूंची झेरॉक्स
- बँक पासबुकातील पूर्वीच्या पगाराच्या नोंदी
- पीएफचा यूएएन (कामगाराचा कायम राहणारा पीएफ खाते) क्रमांक

कोऱ्या व्हाउचरवर सही मात्र अजिबात करू नये. पगार मिळाला म्हणजे कायम नोकरीचा हक्क मिळाला असे नाही. ठेका पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच स्पष्ट केले आहे.