हेमॅटाइट दिसतो काळा-चंदेरी, मग त्याला लाल खनिज का म्हणतात?

पांढऱ्या टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर तो घासून बघा. खडा पोलादासारखा चकचकीत, पण रेघ उमटते तांबडी! जाड स्फटिक जवळजवळ सगळा प्रकाश शोषून घेतो, भुकटीच्या बारीक कणांतून मात्र लाल प्रकाश बाहेर पडतो. गेरूचा रंगही यामुळेच. ही चाचणी मला फार आवडते, कारण मॅग्नेटाइट या दुसऱ्या काळ्या लोहखनिजाची रेघ काळी येते आणि दोघांतला फरक तिथल्या तिथे कळतो.

हेमॅटाइट म्हणजे लोहाचं ऑक्साइड. शुद्ध खनिजात वजनाने सुमारे ७० टक्के लोह, म्हणून पोलादासाठी मोलाचं. बरेच मोठे साठे सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत आहेत: समुद्रात विरघळलेलं लोह सूक्ष्मजीवांनी सोडलेल्या ऑक्सिजनमुळे तळाशी थराथरांनी साचत गेलं.