कामगार सल्ला : नवे काम शिकण्यासाठी पैसा कोणाकडून मिळतो?

प्रश्न : भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनाचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी १८ वर्षे साध्या लेथवर काम करीत आहे. माझे वय ४७ आहे आणि पगारातून ईएसआय (राज्य कामगार विमा) कापला जातो. आमच्या कारखान्यात सुमारे दीडशे कामगार आहेत. आता संगणकाच्या आज्ञांवर चालणारी सीएनसी यंत्रे येत असल्यामुळे व्यवस्थापनाने आमच्यापुढे स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवला आहे. काम गेलेल्या कामगाराला नवे काम शिकण्यासाठी सरकार अनुदान देते, असे ऐकतो. ते मला मिळेल का?

उत्तर : आपण ऐकले त्यात तथ्य आहे; मात्र त्या कागदावर सही केल्यास ते आपल्याला लागू होणार नाही.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्या कलम ८३ मध्ये कामगारांच्या पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कामगार कपात करणाऱ्या मालकाने कमी केलेल्या प्रत्येक कामगारामागे त्याच्या अखेरच्या वेतनाच्या पंधरा दिवसांइतकी रक्कम या निधीत भरायची आणि ती कपातीपासून ४५ दिवसांच्या आत त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हायची, अशी ही व्यवस्था आहे. म्हणजे नाव पुनर्कौशल्याचे असले तरी हातात येतो तो अर्ध्या महिन्याचा पगार, आणि तोही सरकारचा नव्हे, मालकाचा. कोणता अभ्यासक्रम घ्यायचा, तो कोण शिकवणार, याविषयी हे कलम काही सांगत नाही. एवढ्या पैशात सीएनसीचा चांगला अभ्यासक्रम पुरा होईल असे मला वाटत नाही. फार तर शिकत असतानाचा घरखर्च काही दिवस भागेल. शिवाय कायद्यातील ‘वेतन’ म्हणजे हातात पडणारा सगळा पगार नव्हे. घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम यांसारख्या रकमा ठरावीक मर्यादेपर्यंत त्यातून वगळल्या जातात. म्हणून हिशेब पगारपत्रक पुढे ठेवूनच करावा.

ही रक्कम फक्त कपात झालेल्या कामगारासाठी आहे, आणि स्वेच्छानिवृत्ती ही कायद्याच्या व्याख्येनुसार कपात नाही. तुमचा खरा प्रश्न येथे सुरू होतो, कारण पंधरा दिवसांच्या वेतनापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट याच एका शब्दावर अवलंबून आहे. राज्य कामगार विमा महामंडळाच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कपातीमुळे किंवा कारखाना बंद पडल्यामुळे बेकार झालेल्या विमाधारकाला पहिले बारा महिने सरासरी वेतनाच्या निम्मा आणि पुढचे बारा महिने पाव भत्ता मिळतो, त्या काळात कुटुंबाचे औषधपाणी चालू राहते, आणि मंजूर संस्थेतील व्यवसाय प्रशिक्षणाची फी व प्रवासखर्च महामंडळ देते. पूर्ण अर्थाने ज्याला शिकण्याचे अनुदान म्हणावे ते हेच. पण आपण होऊन निवृत्ती घेणाऱ्याला ते मिळत नाही.

आता दोन्ही बाजू मांडून पाहा. कपात झाल्यास पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, म्हणजे आपल्या १८ वर्षांचे २७० दिवसांचे, साधारण नऊ महिन्यांचे वेतन भरपाई म्हणून मिळते. शिवाय महिन्याची नोटीस किंवा तिचे वेतन, आणि निधीतील पंधरा दिवस. ईएसआयचा भत्ता दोन्ही वर्षे घ्यावा लागला तर तोही सुमारे नऊ महिन्यांच्या वेतनाइतका होतो. मध्येच नोकरी लागली तर भत्ता थांबतो, हे धरून चाला. ग्रॅच्युइटी दोन्ही मार्गांनी मिळणारच, त्यामुळे व्यवस्थापन ती स्वेच्छानिवृत्तीच्या आकड्यात मिसळून दाखवीत असल्यास आधी वजा करा. उरलेली रक्कम वरच्या बेरजेहून ठळकपणे जास्त असेल तर स्वेच्छानिवृत्ती घेण्यात गैर काही नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या : कपातीत सर्वसाधारणपणे त्या वर्गातील शेवटी लागलेला कामगार आधी कमी करायचा असतो. अठरा वर्षांच्या माणसाकडून ‘स्वेच्छा’ लिहून घेण्याची घाई व्यवस्थापनाला का असते, याचे एक कारण त्यात सापडेल. युनियन असेल तर ही बोलणी एकेकट्याने करू नयेत.

हे दुखणे जुनेच आहे. १९९२ साली केंद्राने राष्ट्रीय नूतनीकरण निधी उभारला तेव्हाही काम गेलेल्यांना नवे शिकवण्याचा उद्देश सांगितला होता. प्रत्यक्षात त्यातील मोठा भाग सरकारी कारखान्यांतील स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा चुकवण्यात गेला.

शिकण्याविषयी माझे मत असे, की आपण सर्वस्वी नवा धंदा शोधू नये. ड्रॉइंग वाचणे, मायक्रोमीटरने माप घेणे, टूलची धार ओळखणे हे आपल्याला येतेच. सीएनसीवर प्रोग्रॅम आणि ऑफसेट (टूलच्या मापातील फरक यंत्राला देणे) तेवढे शिकायचे उरते. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये तसेच काही आयटीआयमध्ये असे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम असतात. ईएसआयकडून फी हवी असेल तर शाखा कार्यालयात आधी मंजुरी विचारा, योजनेची चालू स्थिती तेथेच तपासा आणि मगच पैसे भरा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या टप्प्यात अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाची वयोमर्यादा ४५ असल्याने ती वाट आपल्याला बंद आहे. अंगी असलेल्या कौशल्याचे प्रमाणपत्र मात्र ५९ वर्षांपर्यंत मिळू शकते.

प्रश्न : सिन्नरच्या एका कारखान्यात मी दोन वर्षांच्या निश्चित मुदतीच्या करारावर होते. मुदत संपताच काम थांबले. मला पुनर्कौशल्य निधी मिळेल का?

उत्तर : नाही, करार संपणे ही कपात धरली जात नाही. मात्र नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार निश्चित मुदतीच्या कामगाराला पाच वर्षांची अट न लावता सेवाकालाच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. आपली मुदत संहिता लागू झाल्यानंतर संपली असेल तर कराराची प्रत जोडून मालकाकडे तिची लेखी मागणी करा आणि पोच घ्या.