टायर ‘ब्लास्ट’ होतो का? आणि बर्स्ट, एक्स्प्लोड, गो ऑफ वगैरे

एकाने विचारलंय की टायर फुटला किंवा सिलेंडरचा स्फोट झाला, तर दोन्हीसाठी इंग्रजी मेलमध्ये ‘ब्लास्टेड’ लिहिलं तर चालेल का. नको. आपापसात टायर ब्लास्ट झाला म्हणतो ते ठीक, पण इंग्रजीत ब्लास्ट हे अशा वेळी नाम म्हणून वापरा, देअर वॉज अ ब्लास्ट. टायर बर्स्ट होतो, सिलेंडर एक्स्प्लोड.

गोची अशी की मराठीत एकटं ‘फुटणं’ सगळीकडे पुरतं, फटाका फुटतो, टायर फुटतो, १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. इंग्रजीत धरण एक्स्प्लोड झालं म्हणालात तर लोक बॉम्ब कोणी ठेवला विचारतील. आतल्या दाबाने वस्तू फाटून आतलं बाहेर आलं की बर्स्ट, आग-धूर नसला तरी. एक्स्प्लोड म्हणजे एकदम दणका आणि चारी दिशांना चिंधड्या, जसं १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज उडालं. इम्प्लोड याच्या उलट, वस्तू आत चेपते, २०२३ ची टायटन पाणबुडी आठवा. गंमत म्हणजे नोएडाचे ट्विन टॉवर्स २०२२ ला चक्क स्फोटकं लावून पाडले तरी त्या पद्धतीलाही इम्प्लोजनच म्हणतात, कारण इमारत जागच्या जागी आत बसते.

डिटोनेट बातम्यांमध्ये बॉम्ब मुद्दाम उडवण्यासाठी येतो. टेक्निकली त्यात स्फोटाची लाट आवाजापेक्षा जास्त वेगाने जाते, फटाक्याची दारू नुसती भराभर जळते, म्हणून सुतळी बॉम्बला वात पुरते आणि विहीर खणताना वापरतात त्या जिलेटिनच्या कांडीला डिटोनेटर, म्हणजे आधी स्वतः फुटून तिला उडवणारी छोटी नळी, लागतो.

पण खरं सांगू का, रोजच्या बोलण्यात दगा देतात ती छोटी क्रियापदं. अलार्म वेंट ऑफ म्हणजे वाजला, बंद नाही झाला! बॉम्ब वेंट ऑफ म्हणजे फुटला, लाइट्स वेंट ऑफ म्हणजे गेले, आणि इंग्लंडात मिल्क वेंट ऑफ म्हणजे दूध नासलं, आता यात लॉजिक शोधू नका, वाक्यासकट पाठ करा. ब्लो अप पण तसंच, पूल उडवायचा, फुगा फुगवायचा, फोटो मोठा करायचा, बॉस भडकला तरी तेच. माय फोन इज ब्लोइंग अप म्हणजे मेसेजचा पाऊस पडतोय, फक्त विमानतळावर हे बोलू नका प्लीज. वुई हॅड अ ब्लास्ट म्हणजे धमाल आली. आणि अमेरिकन मित्र आय बॉम्ब्ड द एक्झाम म्हणाला तर अभिनंदन करू नका, पेपरची वाट लागलीय त्याच्या, ब्रिटिश माणूस पार्टी वेंट लाइक अ बॉम्ब म्हणाला तर मात्र पार्टी जोरात झालेली असते.